डीपीला न विचारणारं थेटर

कोंडीरामानं आकडा टाकलाय, असं सगळ्या गावात झालं. म्हणजे तारेवर हूक अडकवून चोरीची वीज घरात घेतलीय. पेठेतल्या केस कापायच्या दुकानात तर हेही ठरलं की आकडा त्याच्या बायकोनं, रतनबाईनं, झेंड्याच्या काठीनं टाकला आणि कोंडीराम खाली उभा राहून शिव्या देत होता. सांगणाऱ्यानं काठीची लांबीसुद्धा हात पसरून दाखवली म्हणे. पुरावा एकच: सगळी वस्ती अंधारात, कोंडीरामाच्या खिडकीत मात्र निळा उजेड, आणि आतून हलगीचा आवाज.

आता मी त्याचा शेजारी. आमच्या दोघांच्या घरात एक भिंत, आणि तीही पातळ. शिवणाचं मशीन ओट्यावर असल्यानं कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला वासावरून कळतं आणि कोण कुणावर चिडलंय ते चपलांच्या आवाजावरून. लोक मला चुगलखोर म्हणतात. म्हणू देत, पण बातमी पक्की हवी असली की माझ्याकडेच येतात. तर माझ्याकडून ऐका. आकडा-बिकडा काही नव्हता. त्या संध्याकाळी कोंडीरामानं माझ्या डोळ्यांसमोर घराचा मेन स्विच खाली पाडला होता. तारेतली वीज त्याला नकोच होती. घरात जी वीज होती ती त्याच्या टेम्पोनं घोडेगावला कांदे वाहता वाहता कमावलेली होती.

हे का, ते सांगायचं तर आधी त्याचा राग सांगावा लागेल.

कोंडीरामाचा राग हा आमच्या वस्तीचा जुना रहिवासी. सकाळी टेम्पो सुरू झाला नाही तर तो त्याला शिव्या घालतो, आणि झाला तर "मग मघाशी काय झोपला हुता का?" म्हणून घालतो. रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईशी त्याचं रोजचं भांडण. ती बिचारी उलट बोलत नाही, त्यामुळे हा आणखी पेटतो. दार, कडी, शेजाऱ्याचं कोंबडं, कुणालाही सूट नाही. पण हा झाला किरकोळ राग. खरा राग आला की तो चष्मा काढतो, घडी घालून खिशात ठेवतो. रतनवहिनी म्हणतात, "समोरचं मानूस नीट दिसलं तर ह्यांना बोलवत न्हाई." वहिनींचं बोलणं असंच असतं. आवाज हळू, पण लागायचं तिथं बरोबर लागतं.

नव्व्याण्णव सालच्या चौदा एप्रिलच्या जयंतीला हा खरा राग सुरू झाला.

तोवर आमची मिरवणूक ओढ्याकडच्या मागच्या गल्लीनं जायची. कुणी लिहून ठेवलेला नियम नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. त्या वर्षी ठरलं की मिरवणूक पेठेतून न्यायची, चावडीवरून. भर रस्त्यानं, मधोमध. पुढं झेंडा कुणी धरायचा यावर पोरांची भांडणं लागली, तेव्हा म्हाताऱ्यांनी निकाल दिला की झेंडा रतनबाई धरेल. ती पडणार नाही आणि घाबरणार नाही, दोन्हीची खात्री आहे. सोनईहून लग्नाचं शूटिंग करणारा आणला. ऊन कलल्यावर मिरवणूक निघाली, पेठेतून गेली, चावडीवरून गेली, कुठं काही झालं नाही. मी मागं नाचत होतो. माझ्या नाचाबद्दल लोक काय बोलले ते इथं सांगायची गरज नाही.

घरी आल्यावर आम्ही वहिनींना विचारलं, "काय वहिनी, कशी वाटली पेठ?"

वहिनी म्हणाल्या, "मी कुठं बघितली पेठ?"

"म्हंजे?"

"तारा किती खाली आल्यात तिथं. काठी लागली असती तर माझ्यासकट झेंडा पेटला असता. मी आपली सारखी वर बघत हुते. पेठ गेली, चावडी गेली, मला नुसत्या तारा दिसल्या."

लग्न होऊन या गावात आल्यापासून ही बाई पेठेत गेली ती दळणाला नाहीतर किराण्याला, भिंतीच्या कडेकडेनं. मधोमध चालायचा दिवस आला तर नजर आभाळात. "मला माझं मी चावडीवरनं जाताना बघायचंय," त्या म्हणाल्या. "कॅसेटीत असंल ना?"

कॅसेटमध्ये होतं. वर्गणी काढून सोनईहून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणला, समाजमंदिरापुढं सतरंज्या टाकल्या, सगळी वस्ती येऊन बसली. वहिनी पुढं, नवं लुगडं नेसून, जसं काही आत टीव्हीतल्या बाईला ह्या दिसणार होत्या. हलगी वाजली, पोरं ओरडली, "आली, आली, काकू आली!" पडद्यावर वहिनी झेंडा घेऊन पेठेच्या वळणावर आल्या, आता पुढं चावडी, आणि लाईट गेली.

पेठेत ट्यूबा जळत होत्या. फक्त आमची वस्ती गेली होती.

आमच्या गावचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, पेठेतल्या अमृतनानांच्या शेताच्या बांधावर आहे. त्याची पेटी उघडीच असते आणि तिच्यात आमच्या वस्तीचा फ्यूज वेगळा. गावात कुणाचाही फ्यूज उडाला की लोक स्वतःच जाऊन तार बांधतात, वायरमनची वाट कोण बघणार? म्हणून कुणाचा फ्यूज कुणी काढला, हेही सगळ्यांना कळतं. कोंडीराम तडक बांधावर गेला. मीही गेलो त्याच्या मागं. मागं म्हणजे बऱ्यापैकी मागं.

अमृतनाना विहिरीजवळ बाजेवर बसले होते. मोटर धडधडत होती.

"काय रे कोंड्या?"

"नाना, आमचा फ्यूज कुणी काढला?"

"मी काढला. तुमच्या त्या डब्यानं लोड येतो. व्होल्टेज पार पडलं. माझी मोटर जळाली म्हंजे तू भरून देशील का?"

"एका टीव्हीनं मोटर जळती व्हय?"

"तू इंजिनेर हायस का? जा, झोपा जाऊन. झोपायला काय लाईट लागती?"

कोंडीरामानं चष्मा काढला. पुढं तो जे बोलला त्यातलं निम्मं मला लिहिता येणार नाही आणि निम्मं माझ्या आईला आवडलं नसतं. नाना शांतपणे सुपारी कातरत राहिले. मोटर चालूच होती. चिडलेल्या माणसासमोर असं सुपारी कातरत बसणं ही एक वेगळीच शिवी असते. ती ज्याला दिली जाते त्यालाच कळते.

दुसऱ्यांदा बुद्धपौर्णिमेला लावलं. पुन्हा तेच वळण, पुन्हा अंधार. नानांचा कुणीतरी माणूस हलगीचा आवाज ऐकून वेळ साधत असावा. आणि या वेळी दुसरंच झालं. लाईट अशी मधेच गेली की कॅसेटची फीत यंत्रात अडकून राहते. व्हिडिओवाल्यानं स्क्रू काढून ती बाहेर ओढली, तर नेमकी चावडीच्या आधीची फीत चुरगळलेली. तो म्हणाला, "आणखी एकदा असं झालं तर हा तुकडा गेला म्हणून समजा."

त्या दिवशी कोंडीरामानं चष्मा काढला नाही. भिंतीपलीकडून नुसतं भांडं घासल्यासारखं ऐकू येत होतं. सकाळी कळलं, त्यानं रागानं घरातला पितळी तांब्या घासघासून आरसा केला होता. वहिनी म्हणाल्या, "बरंय, आता नानांना सांगा वरचेवर फ्यूज काढायला. माझी बाकीची भांडी बी निघतील."

त्यावर तो उसळला. "मी असं यंत्र आनीन की ते त्याच्या डीपीला इचारायलाच जानार न्हाई!"

त्याची मुलगी दीपा नगरला एका टायपिंग-कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवते, आठवड्याला एसटीनं घरी येते. बापाचा राग आणि आईची जीभ, दोन्ही तिच्याकडं आलेत. ती म्हणाली, "आण्णा, कॅसेटचं सोडा. ती सीडीवर करून घेऊ. सीडीला काही घासत नाही, लाईट गेली तरी चुरगळत नाही. आमच्या क्लासनं नवे कॉम्प्युटर घेतलेत, जुना एक मला देतायत. तोच टीव्हीला जोडू. घरचं थेटर."

"लाईट?"

"बॅटरीवर. इन्व्हर्टरचा डबा लावायचा मधे. पण एक आहे, बॅटरी म्हणजे काही विहीर नाही. कमी खाणारं सामान घ्यावं लागेल. जे जोडू ते किती खातं, ते बघूनच घ्यायचं."

झालं. कोंडीरामाला हे इतकं पटलं की त्या दिवसापासून जगातली प्रत्येक वस्तू तो याच एका मापानं मोजायला लागला. माझ्या मशीनकडं बघून म्हणाला, "भीमा, तुझं बरंय. पायानं चालतं. तुझा फ्यूज काढायचा तर नानाला तुझा पाय काढावा लागंल."

कोंडीराम, दीपा आणि मी, आम्ही तिघं नगरला गेलो. कापडबाजाराच्या बाजूला एक नवं दुकान, काचेचं दार, आत गारवा. दुकानदार पोरगा हसतमुख. त्यानं आम्हाला मोठ्ठा कॉम्प्युटर दाखवला, त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेएवढे स्पीकर.

"काका, हा बघा. लेटेस्ट आहे. काय ताकद आहे याच्यात!"

"खातो किती?"

"काय?"

"लाईट किती खातो?"

पोरगा दीपाकडं बघून हसला. "काका, तुम्ही ताकद बघा हो."

"ताकद मला दाखवू नको," कोंडीराम म्हणाला. "ताकदवाले आमच्या गावात हायेत. मला भूक कमी असलेलं दाखव."

मग त्यानं दुकानातली एकेक वस्तू हातात घेऊन, बैलाचे दात बघावेत तशी मागून उलटी करून, चिकटवलेली चिठ्ठी वाचायला सुरुवात केली. हा मॉनिटर? नको, लई खातो. हे स्पीकर? एवढ्यात माझ्या गाडीचा हॉर्न दिवसभर वाजंल. दुकानदाराचा हसरा चेहरा हळूहळू आकसला. शेवटी त्याला वाटलं, आपल्याला गिऱ्हाईक समजलं. त्यानं आतून एक छोटा टीव्ही आणला.

"हा घ्या. बारा व्होल्टचा. थेट बॅटरीवर चालतो, इन्व्हर्टरपण नको. एकदम कमी खातो. गावाकडं सगळे हाच नेतात."

कोंडीरामानं चिठ्ठी वाचली. तोंड खुललं. खरंच काहीच खात नव्हता. मला वाटलं, झालं, निघालो घरी, वाटेत भेळ खाऊ. तेवढ्यात पोरानं तो लावून दाखवला.

"हा ब्लॅक-व्हाइट हाय," कोंडीराम म्हणाला.

"हो. म्हणून तर कमी खातो."

"यात निळा कसा दिसतो?"

"निळा... निळा करडा दिसतो काका. सगळंच करडं दिसतं."

"करडा झेंडा कुनाचा असतो रे?"

पोराला काही समजेना. "काका, गावाकडं काय, ब्लॅक-व्हाइट चालून जातो..."

चष्मा खिशात गेला. "गावाकडं म्हंजे? गावाकडच्या मानसाला डोळं नसत्यात? माझ्या बायकूनं पेठेतनं करडा झेंडा न्हेला का? आमी करडा रंग म्हनून घोषणा दिल्या का? तुमी सगळे एकच. तिकडं तो म्हनतो अंधारात झोपा, इकडं तू म्हनतो करडं बघा. कमी खानारा पायजे म्हनलो, कमी दिसनारा न्हवं!"

गारव्याच्या दुकानात मला घाम आला. दीपानं बापाला थांबवलं नाही. शांतपणे पिशवी सावरली आणि दुकानदाराला म्हणाली, "चौदा इंची रंगीत असेल तर सांगा. त्याची चिठ्ठी मी वाचते. आण्णा आता वाचायच्या मनःस्थितीत नाहीत."

चौदा इंची रंगीत टीव्ही मिळाला. मोठ्या टीव्हीच्या अर्ध्याहून कमी खाणारा, शिवाय त्याला अँटेनाही लावता येत होता. इन्व्हर्टरचा डबा घेतला, कॅसेटची सीडी करून घेतली. क्लासातला जुना कॉम्प्युटर खताच्या पोत्यात गुंडाळून, टेम्पोत कांद्यांच्या मोकळ्या बारदानांवर ठेवून गावाला आणला.

आता यापुढची फजिती मी सांगणारच. शेजारधर्म आहे तो.

पहिल्याच दिवशी कळलं की जुना कॉम्प्युटर खातो कमी, पण चालतोही तसाच. मिरवणूक लावली तर हलगीवाल्याचा हात वर गेला आणि वरच राहिला. आम्ही चहा प्यालो तरी खाली येईना. वहिनी म्हणाल्या, "ह्या चालीनं मी चावडीवर पुढल्या जयंतीला पोचंल." दीपानं दुसऱ्या आठवड्यात नगरहून एक कार्ड आणलं. ते आत खोचलं की चित्राचं सगळं काम तेच करतं, कॉम्प्युटरला नवी ताकद लागत नाही, आणि तारेनं चित्र थेट टीव्हीवर जातं. मॉनिटरची गरज संपली. मिरवणूक माणसांच्या चालीनं चालायला लागली. पण वळण आलं की वहिनी ती थांबवायला लावायच्या, चावडी सगळ्या वस्तीबरोबर बघायची म्हणून.

मग कोंडीरामानं अक्कल चालवली. दीपा नगरला गेल्यावर त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतला छोटा पंखा बघितला आणि काढून टाकला. पुढच्या खेपेला यंत्र सुरू केल्यावर थोड्या वेळात सगळं थिजलं.

"आण्णा, पंखा कुठाय?"

"काढला. फुकट खात हुता. नुसता फिरतो, काम काय करतो?"

"बरं. उद्या मी तुमच्या टेम्पोचं रेडिएटर काढते. तेही नुसतं पाणी घेऊन बसलेलं असतं."

पंखा परत बसला. पण सगळ्यात मोठी फजिती बॅटरीची. पहिल्या प्रयत्नांना त्यानं टेम्पोचीच बॅटरी काढून घरात आणली होती. सकाळी परत लावली, तर टेम्पो मुका. कांद्याचा बाजार आणि टेम्पो उभा. मी, दोन शेजारी आणि रस्त्यानं चाललेला एक पाहुणा, ज्याचा कशाशीच संबंध नव्हता, असे चौघं धक्का मारत होतो आणि कोंडीराम आत बसून आमच्यावरच ओरडत होता. त्यानंतर त्यानं दुसरी जुनी बॅटरी मिळवली आणि टेम्पोत सीटमागं बसवली. घोडेगावला जाता-येता ती इंजिनावर भरायची आणि घरी आली की थेटर चालवायची. डीपीचा तीत एक कणही नव्हता. हे सगळं तो मला रोज सांगायचा, रोज नव्यानं चिडून, जणू मीच फ्यूज काढायला जाणार होतो.

तो दिवस आला. मे महिना, उकाडा, धारा काढून झाल्या होत्या आणि अजून पुरता अंधार पडला नव्हता. कोंडीरामाच्या घरात मावेल तेवढी वस्ती मावली, बाकीची दारात. त्यानं मेन स्विच पाडला, इन्व्हर्टर गुणगुणायला लागला. दीपानं आधीच अशी सोय केली होती की बटण दाबलं की सीडी आपोआप सुरू व्हावी. आणि आईसाठी की-बोर्डच्या एका बटणावर माझ्या दुकानातली निळी चिंधी चिकटवली होती. ते दाबलं की चित्र थोडं मागं जायचं.

हलगी सुरू झाली. पेठेचं वळण आलं. आणि नेहमीप्रमाणे वस्तीची लाईट गेली.

शेजारची घरं, समाजमंदिराचा बल्ब, सगळं विझलं. टीव्ही चालूच. एक क्षण कुणाला समजलं नाही, मग जो हशा पिकला तो बांधावर ऐकू गेला असेल, गेलाच पाहिजे. कोंडीराम दारात जाऊन अंधाराकडं तोंड करून ओरडला, "काढ, काढ! आनखी काय हाय काढायला?" मीही त्याच्या शेजारी उभा राहून ओरडलो. या वेळी मागं नव्हतो. अंधार होता ना.

आतून वहिनींचा आवाज आला, "गप बसा जरा. मी चालले."

पडद्यावर वहिनी चावडीपाशी आल्या होत्या. मान वर, काठी सरळ, झेंडा निळाशार. वरून तारा. रस्त्याच्या अगदी मधोमध. चालणं असं की पायाखाली बघायची गरजच नाही. चावडी मागं गेली, झेंडा पुढं गेला. वहिनींनी डोळे पुसले आणि निळं बटण दाबलं. परत वळण, परत चावडी. परत दाबलं.

चौथ्या की पाचव्या वेळी त्यांनी विचारलं, "चावडीच्या पायऱ्यांवर हे कोन बसलेत?"

आम्ही सगळे वहिनींकडंच बघत होतो, पायऱ्यांकडं कुणी बघितलंच नव्हतं. आता बघितलं. पायऱ्यांवर पेठेतली माणसं ओळीनं बसली होती. बसली होती, पण भिंतीकडं तोंड करून. झेंडा जवळ आला तसे एकेक जण वळताना दिसत होते, आणि तो पुढं गेल्यावरच त्यांच्या माना परत फिरल्या.

"आमच्याकडं पाठ केली," वहिनी म्हणाल्या.

माझ्या तोंडाला थट्टेशिवाय दुसरं काही येत नाही, हे सगळ्या वस्तीला माहीत आहे. त्या वेळी तीही आली नाही. कारण त्या पाठी मी ओळखत होतो. त्यातले कितीतरी सदरे मी शिवलेले. ही मानेखालची दुहेरी शिलाई माझी, हा मागचा चुणीचा भाग माझा. मधली पाठ अमृतनानांची. त्यांचा डावा खांदा उतरता आहे, म्हणून तिथं मी आत कापडाचा जादा थर देतो, कुणाला दिसू नये म्हणून. माझ्या हाताची शिलाई आमच्याकडं पाठ करून बसली होती. माझ्या पायाखालचं मशीन पेटवून द्यावं असं मला वाटलं. पुढं बरेच दिवस त्या घरांचं कापड माझ्याकडं आलं की मी ते गठ्ठ्यात खाली घालत होतो. अजून सगळं शिवून दिलेलं नाही आणि देणारही नाही.

"ही नानांची पाठ," मी सांगितलं.

कोंडीरामानं चष्मा काढला नाही. उलट नाकावर घट्ट बसवला आणि पडद्याजवळ जाऊन उभा राहिला. "परत लाव," तो म्हणाला. वहिनींनी बटण दाबलं. "परत." किती वेळ तो ती पाठ बघत होता. मग म्हणाला, "म्हंजे आपन जाऊन आलो, अन् त्यांनी बघितलंच न्हाई. मी म्हनत हुतो, निदान बघितलं असंल."

"मी बघितलं ना," वहिनी म्हणाल्या. "माझं झालं."

"माझं न्हाई झालं."

त्या दिवसापासून त्याचा राग बदलला. टेम्पोला शिव्या बंद झाल्या, रेडिओवरच्या बाईचीही सुटका झाली. सगळा राग एकाच ठिकाणी गोळा व्हायला लागला, विहिरीला पाझर फुटून पाणी चढावं तसा. पेठेतून जाताना आता तो टेम्पो मधोमध चालवायचा आणि चावडीपाशी आला की हॉर्नवर हात ठेवायचा. पायऱ्यांवरचे वर बघायचे, दुसरीकडं बघायचे. आकड्याची ती बातमी याच दिवसांत फिरली. कोंडीरामानं ती ऐकली आणि काहीच बोलला नाही. लोकांना वाटलं, खरं असेल म्हणून गप्प आहे. मला भिंतीपलीकडून माहीत होतं, तो थांबलाय.

जून लागला. पेरण्या तोंडावर, मोटरी रात्रंदिवस चालू. नानांनी तर आणखी एक मोटर लावली होती, चोरून की हक्कानं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तर हे वाक्य लांबलं असतं. एका सकाळी डीपीतून धूर निघाला, मोठा आवाज झाला आणि सगळं गाव बंद. आमच्या वस्तीचा फ्यूज जागेवर होता, तो काढायचं नेमकं त्या दिवशी कुणाला कारण नव्हतं. नवा ट्रान्सफॉर्मर कधी येईल हे कुणी सांगेना. पेठ अंधारात, पिठाची गिरणी बंद, आणि तिकडं इंग्लंडात वर्ल्डकप चालू. त्या दिवशीची मॅच तर अशी की सासऱ्यानं जावयाशी बोलणं सोडावं.

दुपारपासून पेठेतली पोरं आमच्या वस्तीच्या तोंडाशी घुटमळत होती. मी मशीनवरून बघत होतो. मग मोठी माणसं आली. आणि मग, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, अमृतनाना स्वतः आले. कोंडीरामाच्या ओट्यापाशी थांबले. चपला काढाव्यात की नाही, अशा बेतात होते.

"कोंडीरामभाऊ," नाना म्हणाले.

कोंड्याचा कोंडीरामभाऊ एका डीपीच्या धुरात झाला होता. मी सुईत दोरा ओवल्यासारखं करत ऐकत राहिलो.

"काय नाना?"

"तुमच्या त्या बॅटरीवर मॅच दिसंल का? सगळी पेठ नुसती तळमळतीय. लावा की टीव्ही. बाहेर ओट्यावर काढा, म्हंजे सगळ्यांना दिसंल. गावकी हाय शेवटी."

आतून वहिनींनी बांगड्यांचा आवाज केला. त्याचा अर्थ मला माहीत आहे: नीट बोला. दीपा घरी होती, ती दाराला टेकून उभी राहिली. कोंडीरामानं टीव्ही उचलून ओट्यावर आणला, कॉम्प्युटर आणला, तारा जोडल्या. मला हाक मारून सतरंज्या टाकायला लावल्या. पेठेतली माणसं हसत येऊन बसायला लागली, कुणी जागा धरली, कुणी शेंगा आणल्या. नाना पुढं बसले, भिंतीला टेकून, डावा खांदा जरा उतरता. मॅच सुरू व्हायला अजून वेळ होता. कोंडीरामानं बटण दाबलं आणि हलगी वाजली.

"हे काय?" नाना म्हणाले. "मॅच लावा ना."

कोंडीराम इन्व्हर्टरच्या तारेवर हात ठेवून म्हणाला, "लावतो नाना. आधी मिरवनूक, मग मॅच. त्या दिवशी चावडीवर तुमी पाठ करून बसला हुता, तुमची पाठ भीमानं शिलाईवरनं वळखली. आज तोंड करून बसा. माझी बायको चावडीवरनं पुरी जाऊ द्या. तवर मधी कुनी मान फिरवली, तर ही तार मी काढीन, आन् ती कशी काढायची ते मी तुमच्याकडनंच शिकलोय."